हवेच्या नळीवरचा हार

आमच्या गाडीला मी दसऱ्याला हार घालत नाही. नवऱ्याने पहिली काही वर्षं कारण विचारलं, मग सोडून दिलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्या नटलेल्या असतात आणि आमची तेवढी बोडकी उभी असते. शेजारच्या काकू दर वर्षी विचारतात, "तुमच्या गाडीला घालू का? फुलं उरलीत." मी म्हणते, "नको, ॲलर्जी आहे." कुणाला, ते त्या विचारत नाहीत. पुण्यात एवढं कळतं.

खरं कारण मी आजवर एकाच घरात सांगितलं आहे, आणि तेही फार उशिरा. आता लिहून टाकते. आपली चूक सांगतानाही माणूस स्वतःला जरा बरं दाखवतो. माझ्याकडूनही तसं होईल, तेवढं वाचणाऱ्याने वजा करून घ्यावं.

इंजिनिअर होऊन मी एका मोटार कारखान्याच्या संशोधन विभागात लागले तेव्हा देशाची दारं नुकती उघडली होती. पेपरात रोज कुठल्या ना कुठल्या परदेशी कंपनीचं आगमन छापून यायचं आणि आमच्या कँटीनमध्ये त्यावर वाद व्हायचे. त्या विभागातली मी पहिली मुलगी. बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या इमारतीत होतं. शॉपमधले मेकॅनिक माझ्या हातात पाना देण्याआधी तो फडक्याने पुसून द्यायचे. हा मान होता की चिडवणं, ते मला वर्षभर कळलं नाही. मी बॉनेटखाली वाकले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "मॅडम, ओढणी सांभाळा, फॅनच्या पट्ट्याला आवडते." मीही हसायचे. नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला टोमण्याचं नवल नसतं. पण टोमणा मारणाऱ्यांनी आपल्याला त्यांच्यातलं समजावं असं मात्र फार वाटायचं.

माझ्या वरचे साहेब, त्यांना मी सर म्हणायचे. मूळचे नागपूरचे. वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर जो सागर लोटला होता त्यात सर आईचं बोट धरून उभे होते. तेव्हापासून दर दसऱ्याला मायलेक तिथे जात आले होते, सर पुण्याला नोकरीला लागल्यावरही. एरवी ते वर्षभर रजा घेत नसत. बोलणं शुद्ध, जवळपास पुस्तकी. पण काही मनासारखं झालं नाही की नागपूर बाहेर यायचं, "काय करून राहिली तू?" असं. पहिल्या आठवड्यातच मी एका नकाशावरचं माप रबराने खोडत होते तेव्हा हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी शांतपणे शिकवलं. "इथे खोडायचं नाही. चुकीच्या मजकुरावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बदलाचं कारण, सही, तारीख. माणूस चुकतो, त्याचं काही नाही. चूक दिसली पाहिजे."

मी मान डोलावली होती. मान डोलवायला काय लागतं!

आम्ही तेव्हा एक नवा पिकअप करत होतो. मागे मोकळा हौदा, चारही चाकांना जोर, डोंगरातल्या कच्च्या वाटेने आणि ओढ्यातून जाऊ शकेल असा. जुन्या गाडीपेक्षा चासी उंच केली होती. चढावर नाक जमिनीला घासू नये म्हणून पुढचा भाग आखूड केला होता, आणि पोटाखाली दगड लागेल तिथे जाड पत्रा दिला होता. यातला एक बदल माझा होता. जुन्या गाडीत इंजिनाला हवा पुरवणारी नळी बॉनेटच्या आत, खाली होती. पाण्यातून गाडी घातली की इंजिन हवेऐवजी पाणी ओढायचं आणि जागच्या जागी बसायचं. मी ती नळी बाहेर काढली आणि काचेच्या कडेने थेट टपापर्यंत वर नेली. तिथे तिचं तोंड पुढे वळवलं. आज अशा नळ्या पुष्कळ दिसतात. आमच्या शॉपला तेव्हा ते सोंड वर केलेल्या हत्तीसारखं वाटलं होतं आणि त्यांनी गाडीचं नाव तेच पाडलं. माझं पहिलं स्वतःचं डिझाइन होतं ते. जाता-येता मी त्या नळीवरून हात फिरवायचे.

खरा प्रश्न इंजिनाचा होता. एक इंजिन सरांचं. सात-आठ वर्षं खपून त्यांनी ते इथेच उभं केलं होतं. जड, गोंगाट करणारं, पण कमी वेगातही भरपूर ओढणारं. कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या गॅरेजमध्ये उघडून दुरुस्त करता येईल असं त्यांनी मुद्दाम बनवलं होतं. दुसरं इंजिन परदेशी भागीदारांचं. हलकं, चपळ, त्याला टर्बो होता, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. सरांच्या इंजिनाला तो नव्हता. जेवढा श्वास स्वतः घेता येईल तेवढ्यावर ते चालायचं. दोन्ही इंजिनं बसवलेले दोन पिकअप तयार होते. माझी उंच नळी सरांच्या गाडीवर होती. पाहुण्यांच्या इंजिनाची हवेची वाट बॉनेटच्या आतच होती, कारण ते तयार खोक्यातून आलं होतं. शहराबाहेर खाणीकडे जाणारा एक खडा, कच्चा चढ होता. हौद्यात वाळूची पोती भरून तो चढायचा, आणि मग काय ते ठरवायचं. दिवस ठरला तो नेमका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचा.

सरांना त्या वर्षी नागपूरला जायचं नव्हतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण विभागाचा फोन माझ्याच टेबलावर होता. "आई, या वर्षी राहू दे," असं ते दोनदा म्हणाले आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून मला म्हणाले, "गुडघे गेलेत तिचे. म्हणते, पुढच्या वर्षी मी चालेन की नाही कुणी सांगावं. जावं लागेल." निघताना त्यांनी मला गाडीजवळ नेलं. नळीच्या तोंडाला बारीक जाळी हवी होती. ती नकाशात होती, पण करून आलेली जाळी मापात चुकली म्हणून मीच परत पाठवली होती. सर म्हणाले, "जाळी येईपर्यंत तोंडाला कापड बांधून ठेव. आणि खंडेनवमीची पूजा खुशाल करा तुम्ही लोक. फक्त गाडीच्या अंगावरचं सगळं उतरवल्याशिवाय ती सुरू करायची नाही. एवढं बघ." मी म्हटलं, "हो सर, काळजीच करू नका."

खंडेनवमीला कारखान्यात काम नसतं. हत्यारं, यंत्रं, गाड्या धुऊनपुसून ठेवायच्या, हळदकुंकू लावायचं. शॉपमध्ये त्या दिवशी डिझेलच्या वासावर उदबत्तीचा वास चढलेला असतो. मागच्या वर्षी मी दाराशी उभी राहून प्रसाद घेऊन परत आले होते. या वर्षी फोरमन स्वतः माझ्या टेबलापाशी आला. हवेली तालुक्यातल्या खेड्यातला माणूस, हाताखाली वीस जण, मला आजवर 'बरं' याच्या पलीकडे शब्द न दिलेला. म्हणाला, "मॅडम, चला. औंदा हत्तीची पूजा तुमच्या हातानं हाय. समद्यांचं ठरलंय."

वर्षभर मी ज्याची वाट पाहत होते ते हे होतं. परीक्षेत पहिली आले तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता. कुणीतरी माझ्या हातात ताम्हन दिलं, कुणीतरी झेंडूचा हार दिला. चांगला जाडजूड, मध्ये मध्ये आंब्याची पानं ओवलेला. मार्केट यार्डातून पहाटे आणलेली फुलं, पाणी मारून ओली ठेवलेली. हार बॉनेटवर घालायचा असतो. मी तो तिथे घातला नाही. मी बंपरवर चढले, हात उंच केला, नळीच्या तोंडावरचं कापड सोडलं आणि हार माझ्या नळीला घातला. दोन वेढे देऊन घट्ट बसवला. सगळ्यांना माझी नळी दिसावी म्हणून. टाळ्या पडल्या.

मग लिंबं आली. चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडत गाडी चार हात पुढे घ्यायची, अशी रीत. "मॅडम, तुम्हीच घ्या!" मी स्टिअरिंगवर बसले. सरांचं वाक्य मला आठवलं नाही असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगितलं आहे. ते आठवलं होतं. किल्ली फिरवताना आठवलं होतं. पण चार हात तर जायचंय, असंही त्याच क्षणी वाटलं. आणि बाहेर वीस माणसं माझ्याकडे बघून हसत होती. इंजिन सुरू झालं, लिंबं फुटली, कुणीतरी ओरडलं, "रेस द्या की मॅडम, हत्ती गरजू द्या!" मी दिली. पाय पार तळाला नेला. शॉप दणाणून गेलं. मी पुन्हा दिली.

खाली उतरले तेव्हा हार विरळ दिसला. दोऱ्याचं एक टोक नळीत गेलं होतं. मी ते ओढून काढलं, त्याला चारदोन फुलं होती. इकडेतिकडे पाकळ्या सांडल्या होत्या, वाटलं, गळल्या असतील. संध्याकाळी हार उतरवला आणि तोंडाला कापड अगदी नीट बांधलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सर स्टेशनवरून थेट चढावर आले. हातात बॅग, आणि माझ्यासाठी संत्र्याच्या बर्फीचा डबा. "आईने दिलाय. तुझ्या नळीची गोष्ट सांगितली तिला." मी त्यांना आपट्याचं पान दिलं. त्यांनी ते खिशात ठेवलं. सकाळी ड्रायव्हरने तेल, पाणी, चाकांची हवा बघितली होती, नळीवरचं कापड मी सोडलं होतं. हवेचा फिल्टर नवा कोरा होता, तो कोण कशाला उघडेल!

पाहुण्यांची गाडी आधी चढली. छान चढली, खोटं कशाला सांगू. मग आमची. सर ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. दुसऱ्या वळणावर मागून काळा धूर सुरू झाला आणि आवाज बदलला. दम लागलेल्या माणसाने बोलायचा प्रयत्न करावा तसा. तिसऱ्या वळणाच्या जरा आधी गाडी थांबली. पुन्हा प्रयत्न झाला, चार हात गेली आणि बंद पडली. परदेशी पाहुणे सभ्य होते, त्यांनी दुसरीकडे बघितलं. आमचे मोठे साहेब सभ्य नव्हते, ते घड्याळाकडे बघत राहिले. सर दार उघडून उतरले आणि त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट तापलेलं होतं, तरी हात बराच वेळ तसाच होता.

गाडी ओढून शॉपमध्ये आणली. सरांना लगेच बैठकीला बोलावलं होतं. जाता जाता ते मला म्हणाले, "आधी फिल्टर बघ. साधं काही निघालं तर उद्या परत चढू." तसा नियमच होता. बाहेरचं साधं कारण सापडलं तर चाचणी पुन्हा घ्यायची.

शॉप जेवायला गेलं होतं. मी एकटीने फिल्टरचं झाकण काढलं.

आत झेंडू होता. ओल्या पाकळ्यांचा भगवा लगदा फिल्टरवर सगळीकडे लिंपल्यासारखा बसला होता, आणि नळीच्या वळणात आंब्याचं पान आडवं चिकटलं होतं. वास अजून ताजा होता. डोक्यात काय काय आलं ते सगळं आठवतं. सरांनी सांगितलं होतं, हे आलं. फोरमन आणि ती वीस माणसं आली. पुन्हा दाराशी उभं राहून प्रसाद घ्यायचा, हे आलं. पुढच्या आठवड्यात कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकणाऱ्या पहिल्या तुकडीची यादी लागणार होती आणि तीत माझं नाव होतं, तेही आलं. सरांची आठ वर्षं आली नाहीत. ती नंतर आली.

मी माझा जेवणाचा डबा रिकामा केला आणि तो लगदा त्यात भरला. बाजूलाच तेलकट बोळ्यांचा पिंप होता, त्यात टाकला असता तर क्षणात संपलं असतं. पण ते पूजेचं निर्माल्य होतं, कचऱ्यात कसं टाकणार! खोटं बोलायला मला काही वाटलं नाही, निर्माल्य कचऱ्यात टाकायला हात धजला नाही. असे आमचे संस्कार. संध्याकाळी घरी जाताना मी नदीकडे उतरले, डबा पाण्यात रिकामा केला आणि नमस्कारसुद्धा केला.

सर बैठकीतून आले. "फिल्टर?"

"स्वच्छ होता, सर."

"नळी?"

"तीही."

"बाप्पा," एवढंच ते नागपुरी सुरात म्हणाले आणि स्टुलावर बसले. त्यांना माझा संशय आला नाही. तो यायला हवा होता, असं मला तेव्हाही वाटलं. चाचणीच्या अहवालात एक ओळ आहे, 'हवेचा मार्ग व फिल्टर तपासले, स्वच्छ', आणि तिच्यापुढे माझी सही आहे. त्या ओळीमुळे चाचणी पुन्हा झाली नाही.

पुढचे दोन महिने सरांनी इंजिन खोलून बघितलं. बाहेर काही दोष नाही म्हटल्यावर तो आतच असणार. पिस्टन बघितले, झडपा बघितल्या. डिझेल सोडणाऱ्या पंपाची जुळणी बदलली, परत बदलली. आधी चांगलं चालणारं इंजिन त्या खटाटोपात खरोखरच बिघडलं. शेवटी त्यांनी स्वतःच लिहून दिलं की दोष पंपाच्या वेळेच्या जुळणीत असावा आणि ती जुळणी त्यांची स्वतःची आहे. पाहुण्यांचं इंजिन ठरलं. तो पिकअप पुढे रस्त्यावर आला, चांगला चालला, आजही दिसतो. म्हणजे गाडी वाईट निघाली आणि कुणाचं नुकसान झालं, असंही काही नाही. तेवढाच आधार मी कितीतरी वर्षं धरून होते.

शॉपमध्ये मात्र वेगळंच चाललं होतं. चहाच्या वेळी फोरमन म्हणाला, अगदी सहज, कुणाचं वाईट चिंतायचं म्हणून नाही, "पूजेला सायब नव्हतं ना. ज्याची गाडी त्यानं हुबं राहाया पायजे." दुसरा म्हणाला, "त्यांच्यात नसतं ते." आणि तो जरा हसला. मी तिथेच होते, हातात कप. ज्या पूजेने गाडीचा गळा आवळला तिला सर हजर नव्हते म्हणून गाडी चढली नाही, असं ही माणसं म्हणत होती, आणि हे खोटं आहे हे माहीत असलेली जगात मी एकटी होते. मी चहा संपवला. त्या चहापुढे नदीकाठचा नमस्कार काहीच नाही. इंजिन गेलं यापेक्षा त्या चहाची मला जास्त लाज वाटते.

ते बोलणं सरांच्या कानावर गेलं असणारच, कारण पुढच्या दसऱ्याला ते नागपूरला गेले नाहीत. खंडेनवमीला शॉपमध्ये आले, हात मागे बांधून एका कडेला उभे राहिले, प्रसाद घेतला आणि गेले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. तोवर मी कॉम्प्युटर विभागात होते. नळीची जाळी आधीच्या नकाशात सुटी, वरून बसवायची होती; चाचणीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मी ती नळीच्या तोंडात कायमची जोडलेली अशी बदलून घेतली होती. बदलाचं कारण लिहिलं होतं, 'पालापाचोळा आत जाऊ नये म्हणून'. तपासायला तो नकाशा सरांकडेच गेला. त्यांनी तो वाचला, "चांगलं सुचलं तुला," म्हणाले आणि सही केली.

नंतर त्यांची बदली सर्व्हिस ट्रेनिंगला झाली. मी काही वर्षांनी हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत गेले. परदेशी कारखान्यांसाठी इंजिनातल्या हवेचं आणि जळणाचं गणित कॉम्प्युटरवर मांडून देण्याचं काम. इंजिन प्रत्यक्ष न बनवता ते कसं चालेल हे आम्ही सांगतो. हातांना तेल लागत नाही. लोकांना माझं चांगलं चाललं आहे असं वाटतं, आणि चाललंही आहे.

सर निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांचा फोन आला. आवाज तोच, पुस्तकी. "एक काम होतं. माझ्या जुन्या इंजिनाची सगळी मापं मी नीट लिहून काढली आहेत. तुमच्या त्या कॉम्प्युटरवर ते एकदा चालवून बघशील? पंपाची जुळणी नेमकी कुठे चुकली ते मला मरायच्या आत कळायला हवं. घाई नाही." मग म्हणाले, "हवेचा मार्ग स्वच्छच धर. तो तू बघितला होतास, म्हणून ती बाजू मी कधी तपासलीच नाही."

मी 'हो सर' म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? त्यांनी सुवाच्य अक्षरात सोळा पानं पाठवली. एका रविवारी रिकाम्या ऑफिसात बसून मी सरांचं इंजिन पडद्यावर पुन्हा उभं केलं. हवेचा मार्ग स्वच्छ धरला, त्यांची त्या दिवशीची जुळणी घेतली, पोत्यांचं वजन घातलं, चढ घातला. गाडी वर गेली. आरामात गेली. मग मी फिल्टर बंद करत आणला. पाव, अर्धा. पाऊण बंद केल्यावर पडद्यावर धूर आला आणि गाडी तिसऱ्या वळणाच्या जरा आधी थांबली.

दोन्हींचे कागद काढून मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. जायला तीन आठवडे लावले, हेही लिहून ठेवते. सरांच्या पत्नींनी दार उघडलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली सरांच्या आईचा फोटो. सर टेबलाशी बसले होते, खूप वाळलेले. मी पहिला कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला.

"हे चढतंय."

"हो सर."

"माझ्याच जुळणीने?"

"तुमच्याच."

"मग त्या दिवशी का नाही चढलं?"

मी दुसरा कागद ठेवला आणि सांगायला लागले. हार कुठे घातला ते, लिंबं, रेस, डबा, नदी, सगळं. चहाचंही सांगितलं. मध्ये मी रडले असं वाटतं, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते दुसऱ्या कागदावर पेन्सिलीने काहीतरी मोजत होते.

"पाऊण बंद होता?"

"हो."

"आणि वळणात पान?"

"हो सर."

"तरी तिसऱ्या वळणापर्यंत गेलं," ते म्हणाले. मग आतल्या खोलीच्या दिशेने त्यांनी हाक मारली, "अगं, ऐकलंस का? इंजिन बरोबर होतं." हाक मोठी नव्हती. पण त्या आवाजात जे होतं ते मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि ते इतक्या वर्षांपूर्वी, दुसऱ्याच दिवशी, ऐकता आलं असतं.

मला वाटत होतं, ते ओरडतील, निदान 'काय करून राहिली होतीस तू' म्हणतील. किंवा जाऊ दे म्हणतील. त्यांनी दोन्हींतलं काही केलं नाही. उठून कपाटातून एक फाइल काढली. त्यात अहवालाची प्रत होती, कागद पिवळा पडलेला. 'हवेचा मार्ग व फिल्टर तपासले, स्वच्छ.' पुढे माझी सही, तरुण आणि टोकदार. सरांनी पेन माझ्यापुढे धरलं.

मी त्या ओळीवर एक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी. बाजूला कारण लिहिलं, 'नळीला झेंडूचा हार मी घातला, गाडी मी सुरू केली, फुलं मी काढून लपवली.' सही केली. मग अडले.

"तारीख कुठली घालू, सर?"

"आजची," ते म्हणाले. "उशीर किती झाला ते दिसलं पाहिजे."

त्यांनी ते वाचलं, खाली 'तपासले' लिहून स्वतःची सही केली आणि कागद पत्नीच्या हातात दिला. त्या उभ्याउभ्याच वाचत होत्या. वाचून झाल्यावर माझ्याकडे नाही, फोटोकडे बघितलं त्यांनी.

"सासूबाई जाईपर्यंत एकच म्हणायच्या," त्या म्हणाल्या. "मी हट्ट करून पोराला नागपूरला बोलावलं, तो गाडीपाशी असता तर गाडी चढली असती. त्यानंतर त्यांनी कधी दसऱ्याला ये म्हटलं नाही ह्यांना. एकट्याच दीक्षाभूमीला जायच्या, गुडघे धरत."

त्यांनी कागदाची घडी घातली नाही. तो तसाच उघडा फोटोखाली ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.